एमओएफमध्ये पीएचडी करावी का? आणि कितागावांनी नेमकं काय केलं?

केमवाला_संगमनेर:
नमस्कार मंडळी. एमएस्सी इनऑरगॅनिक झालंय, जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप पण निघाली (महिना 37 हजार, घरचे खूश), आता गाईड शोधतोय. दोन लॅबमध्ये बोलणं झालं त्यातल्या एकात एमओएफवर काम चालतं, म्हणजे मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, धातूचे आयन आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय लिंकर यांचं जाळं आणि आत नुसती पोकळी. आमचे एक सीनियर म्हणाले एमओएफसाठी कितागावा, रॉबसन आणि यागी यांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल देऊन झालं म्हणजे विषय संपला, आता तिथे जाऊन दुसऱ्यांचं उष्टं खायचं. खरं आहे का हे?

दुसरं म्हणजे बातम्या वाचल्या तर सगळीकडे यागींचीच स्टोरी, जॉर्डनमधलं निर्वासित कुटुंब, घरात वीज नाही, पंधराव्या वर्षी अमेरिका. भारीच आहे, वाद नाही. पण मला सुसुमु कितागावांबद्दल जाणून घ्यायचंय, क्योतोत जन्मले, क्योतोतच शिकले आणि फिरून परत क्योतोतच प्रोफेसर. त्यांचं काम नक्की काय होतं ते कोणी साध्या भाषेत सांगेल का?

पोकळीतज्ज्ञ_ताई:
माझी पीएचडी याच विषयातली, त्यामुळे लांब लिहिणारे, चहा घेऊन बस.

कितागावांची पीएचडी 1979 ची, क्योतोची. मग ओसाकाजवळच्या किंदाई विद्यापीठात बरीच वर्षं, 1992 ला टोकियो मेट्रोपॉलिटन, 1998 ला परत क्योतो. किंदाईमध्ये ते तांब्याच्या कॉम्प्लेक्सवर काम करायचे आणि पोकळी वगैरे काही डोक्यात नव्हतं. एक्स-रे स्ट्रक्चर सोडवताना दिसलं की जाळ्यात भोकं आहेत आणि त्यात अ‍ॅसिटोनचे रेणू बसलेत, हे 1992 ला छापलं. आता तेव्हा सगळ्यांचा समज असा की आतलं सॉल्व्हंट, म्हणजे आत अडकलेलं द्रावक, काढलं की हा सांगाडा कोसळणार, आणि बहुतेक वेळा कोसळायचाच, त्यामुळे नुसती भोकं दाखवून कोणी इंप्रेस होत नव्हतं. ग्रँट मागायला गेले तर देणाऱ्यांना यात काही दम दिसेना, झिओलाईट (सच्छिद्र खनिज) आहे ना आधीच, स्वस्त, टिकाऊ, मग हे कशाला?

1997 चा पेपर मात्र वाचच. कोबाल्ट, निकेल किंवा जस्ताचे आयन आणि 4,4'-बायपिरिडीन नावाचा सरळ लांबट लिंकर, त्यातून एकमेकांना छेदणारे बोगदे असलेलं त्रिमितीय जाळं. ते वाळवलं आणि मग दाब देऊन मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन आत घालून दाखवले, बाहेर काढले, आणि सांगाडा जागेवर! एमओएफ-5 यायला अजून दोन वर्षं होती, तो यागींचा, 1999 चा, आणि त्याचं पृष्ठफळ इतकं की दोन ग्रॅममध्ये फुटबॉलचं मैदान मावतं, म्हणून सगळा गवगवा तिकडे गेला. मला विचारशील तर वायू आत-बाहेर करून दाखवण्याचं श्रेय आपल्याकडच्या लेक्चर्समध्ये कितागावांना फार कमी मिळतं.

आणि खरी मजा पुढे आहे. 1998 ला त्यांनी एका जपानी जर्नलमध्ये या पदार्थांच्या तीन पिढ्या मांडल्या. पहिली, सॉल्व्हंट काढलं की मोडणारी. दुसरी, काढलं तरी ताठ उभी राहणारी. तिसरी, आत काय आलं-गेलं त्याप्रमाणे आकार बदलणारी आणि तरीही स्फटिकच राहणारी. झिओलाईट दगडासारखं ताठ असतं, त्याला हे जमणं अवघड. म्हणजे लोक ज्याला दोष म्हणत होते, की हे मऊ आहे, त्यालाच त्यांनी गुण केलं. अशा पदार्थाचा आयसोथर्म, म्हणजे दाबानुसार किती वायू आत गेला त्याचा आलेख, बघ कधी, सुरुवातीला दाब वाढवत गेलं तरी काहीच नाही, रेष सपाट, आणि एका ठरावीक दाबाला दार उघडल्यासारखा वायू एकदम आत. गेट ओपनिंग म्हणतात त्याला.

2005 चं त्यांच्या ग्रुपचं अ‍ॅसिटिलीनचं काम पण बघ. हा वायू 2 अ‍ॅटमॉस्फिअरच्या वर दाबला की स्फोटाची भीती, आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ त्याच मापाचा, दोन्ही वेगळे करायचे कसे? तांब्याच्या एका जाळ्यात अ‍ॅसिटिलीनचे रेणू दोन बाजूंच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बाँडने धरून इतके घट्ट बसले की घनता सुरक्षित मर्यादेच्या 200 पट निघाली, साध्या तापमानाला.

ते स्वतः झुआंगझी या चिनी तत्त्वज्ञाचं वाक्य सांगतात, भौतिकशास्त्रज्ञ युकावांच्या पुस्तकात वाचलेलं, निरुपयोगी दिसतं त्याचाही उपयोग असतो असं.

वापीवाला_प्रोसेस:
ताईंनी छान लिहिलंय पण निरुपयोगाचा उपयोग पाच वर्षांच्या फेलोशिपवाल्याला परवडत नाही हो 😄 मी केमिकल प्लांटमध्ये आहे, अ‍ॅडसॉर्प्शन कॉलम (वायू पृष्ठभागावर धरून वेगळे करणारे) रोज बघतो. आमच्याकडे एक नवीन पदार्थ घेऊन लोक आले की मी तीनच प्रश्न विचारतो, दमट हवेत काय होतं, गोळ्या केल्यावर किती शिल्लक राहतं, आणि किलोला किती. पेपरात सुंदर दिसणारे निम्मे इथेच गळतात. तो प्रसिद्ध एमओएफ-5 घ्या, 300 अंशाला टिकतो पण साध्या ओल्या हवेत हळूहळू वाया जातो. बनवायला डीएमएफ लागतं ते वेगळंच, आणि ते सॉल्व्हंट प्लांटवर किती नको असतं ते इथे येऊन बघा.

पण सीनियरचं "विषय संपला" हे चुकीचं, कारण खरं इंजिनीअरिंग आता कुठे सुरू झालंय. कॅल्फ-20 नावाचा एमओएफ शोधा, कॅलगरीच्या जॉर्ज शिमिझूंचं काम, 2021 ला सायन्स या जर्नलमध्ये आलं. जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झॅलेट, म्हणजे काही महागडं नाही. पृष्ठफळाच्या रेकॉर्डमध्ये कुठेच नाही, पण वाफ असतानाही कार्बन डायऑक्साइड पकडतो, सिमेंट प्लांटच्या धुरावर चालवून झालंय आणि बीएएसएफ ही केमिकल कंपनी टनांनी बनवते. असं काहीतरी कर, आमच्यासारखे लोक दारात उभे राहतील.

जुना_बेंच:
रॉबसनना कोणीच विचारलं नाही म्हणून लिहितो. 1974 ला मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची मॉडेल्स करायची होती, गोळ्यांना भोकं कुठे पाडायची ते वर्कशॉपला सांगताना लक्षात आलं की भोकांच्या जागा ठरल्या की आकार आपोआप ठरतो. खरे अणू घेऊन ते करून बघायला त्यांनी दहा वर्षांहून जास्त काळ घेतला, पेपर 1989 चा. आज एवढं थांबलात तर प्रमोशन राहू द्या, लॅबची खोली पण काढून घेतील.

केमवाला_संगमनेर:
ताई आणि वापीवाले दादा, दोघांचं पटतंय म्हणून जास्त गोंधळ झाला. मग लॅब बघायला गेलो की विचारू काय? सगळे सर "आमच्याकडे खूप स्कोप आहे" असंच म्हणतात.

पोकळीतज्ज्ञ_ताई:
सरांना कमी विचार, लॅबमधल्या चौथ्या वर्षाच्या मुलामुलींना कँटीनमध्ये गाठ.

सॉर्प्शनचं (वायू किती शोषला ते मोजायचं) मशीन स्वतःचं आहे का, की सॅम्पल बाहेर पाठवून वाट बघायची? एका लॅबमध्ये (नाव नको) माझी मैत्रीण महिनोन्‌महिने एकेका आयसोथर्मसाठी ताटकळली. 77 केल्विनला नायट्रोजन घालून बीईटी, म्हणजे पृष्ठफळ, काढणं हे या कामात रोजचंच आहे, लिक्विड नायट्रोजन नियमित मिळत नसेल तर तिथे जाऊच नको. अ‍ॅक्टिव्हेशन कोण शिकवतं ते पण बघ, कारण क्रिस्टल कोणीही काढतं, आतलं सॉल्व्हंट सांगाडा न मोडता काढणं यातच अर्धी पीएचडी जाते. आणि ते फक्त नवीन स्ट्रक्चरचे पेपर काढतात का? केंब्रिजच्या क्रिस्टल स्ट्रक्चरच्या डेटाबेसमध्ये लाखभर एमओएफ आधीच पडलेत, त्यात तुझे अजून चार घालून नोकरी मिळणार नाही. पाण्यातली स्थिरता, मिश्र वायू कॉलममधून सोडून कोणता आधी बाहेर येतो ते बघणारे ब्रेकथ्रू प्रयोग, असं काही चालू असेल तर तिथे थांब. वापीवाले म्हणतात ते तिथेच शिकशील.

संगमनेरहून पुणं जवळच आहे, आयसर आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) या दोन्ही संशोधन संस्थांत या विषयाची जुनी परंपरा आहे. आयसरचे वैद्यनाथन शिमिझूंकडे कॅलगरीत होते, कॅल्फ-20 च्या पेपरवर त्यांचं नाव आहे. एनसीएलमध्ये आधी राहुल बॅनर्जी होते, ते यागींकडून आलेले. लांबून नोबेलच्या बातम्या वाचण्यापेक्षा या लोकांचे पेपर काढून वाच.

केमवाला_संगमनेर:
धन्यवाद ताई. त्या लॅबला उद्या मेल टाकतो. लिक्विड नायट्रोजनचं पहिल्याच मेलमध्ये विचारलं तर आगाऊपणा वाटेल का?

वापीवाला_प्रोसेस:
वाटू दे. मी गाईड असतो तर त्याच प्रश्नावर घेतलं असतं तुला.