बाबांचे अभंग घरीच रेकॉर्ड करायचेत, पंधरा हजारांत काय घ्यावं?

पंचवटीकर:
नमस्कार मंडळी. बाबा स्वतः पेटी वाजवत अभंग म्हणतात, शेजारचे काका तबल्याला असतात. दोघांचं नीट रेकॉर्डिंग करून ठेवायचंय. मोबाइलवर केलं तर नुसता तबला ऐकू येतो. लॅपटॉप आहे, बजेट पंधरा हजार. दुकानदार यूएसबी कंडेन्सर माइक (थेट लॅपटॉपला जोडायचा, बारीकसारीक आवाजही टिपणारा) गळ्यात मारतोय. घेऊ का? घर पंचवटीत, अगदी रस्त्यावर. हॉर्न आणि देवळातल्या घंटा फुकटात मिळतात.

ठेकेदार:
यूएसबी नको. एकट्याने बोलायचं असेल तर ठीक आहे, पण उद्या दुसरा यूएसबी माइक जोडायला गेलात की डोक्याला ताप. ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) घ्या आणि घेताना माइकचे इनपुट मोजा. फोकसराइट स्कार्लेट सोलोला माइकचा इनपुट एकच आहे. बेहरिंगर यूएमसी२०२एचडीला दोन आहेत, 48 व्होल्ट फँटम पॉवरही (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) आहे. तुमचं काम त्यात भागेल.

एक माइक बाबांना, एक तबल्याला. पेटीला वेगळा लागत नाही, ती बाबांच्या माइकमध्ये न बोलावता येते. उलट तिला आवरावं लागतं. म्हणून माइक पेटी आणि तोंड यांच्या मधे, खालून वर ओठांकडे रोखून, वीतभर अंतरावर ठेवा. कार्डिऑइड माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं, तेव्हा त्याची पाठ पेटीकडे राहू द्या.

रस्त्याचा आवाज आहे म्हणताय, तर दोन्ही माइक डायनॅमिक घ्या, ते कंडेन्सरसारखे लांबचे आवाज ओढत नाहीत. शूअर एसएम५८ 1966 पासून स्टेजवर टिकून आहे, सेकंडहँड मिळाला तरी बिघडत नाही. मात्र त्याचा बनावट माल बाजारात भरपूर, बिलाशिवाय घेऊ नका.

गोदाकाठ:
ठेकेदारांशी अर्धा सहमत. गाण्याला डायनॅमिकच. पण तबल्याला स्वस्तातला का होईना, कंडेन्सर लावा. डायनॅमिकमध्ये चाटेवरचा (तबल्याच्या कडेचा) ‘ना’ बोथट येतो. दायाँ-बायाँच्या मधोमध, हातभर वर धरा. दोन माइकमधलं अंतर माइक-तोंड अंतराच्या तिप्पट तरी हवं, नाहीतर आवाज पोकळ येतो.

आणि माइकपेक्षा खोलीकडे आधी बघा. फरशी आणि चार उघड्या भिंती असतील तर महागडा माइकही तो घुमाराच पकडणार. बाबांच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, काडीचा उपयोग नाही. पंखा बंद, फ्रिज बंद (नंतर आठवणीने चालू करा, घरचे बोलतात), आणि बैठक रात्री उशिरा.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर 60 दिवस मोफत वापरून बघता येतं. त्यात रेकॉर्डिंगचा दर्जा 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ठेवा. बाबांना सर्वांत वरच्या पट्टीत एक ओळ म्हणायला लावा आणि आवाजाच्या पातळीचा काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवायचं बटण) द्या. रंगात आले की आवाज वाढतोच.

पंचवटीकर:
दोघांचे आभार, यूएसबी रद्द. एकच शंका, बाबा हेडफोन घालणार नाहीत. तबला आधी वेगळा रेकॉर्ड करून घ्यावा का?

ठेकेदार:
अजिबात नको. बाबा लय वाढवतील तसे काका मागे जातात, ते वेगवेगळं करून जमायचं नाही. एकत्रच बसवा. हेडफोन तुम्ही घाला, बंद कपांचा, आणि खोलीच्या दारात बसा. स्पीकर मात्र रेकॉर्डिंग चालू असताना बंद.

गोदाकाठ:
+१. आणि एक्सएलआर केबल (माइक इंटरफेसला जोडायच्या) व दोन स्टँड बजेटमध्ये धरा, हे सगळे विसरतात.