कमी खर्चातील सायबॉर्गपट कोकणात कसा करावा?

खाडीकाठ: नमस्कार. देवगड परिसरातील आम्ही काही मित्र वीस मिनिटांचा लघुपट करणार आहोत. महामारीनंतर ओस पडलेल्या किनाऱ्यावरून एक सायबॉर्ग (अर्धी माणूस, अर्धी यंत्र) स्त्री उपचाराची माहिती स्वतःच्या शरीरात घेऊन निघाली आहे, एवढेच कथासूत्र आहे. दिग्दर्शक अल्बर्ट प्यून यांच्या १९८९ मधील ‘सायबॉर्ग’ या चित्रपटावरून ते सुचले, हे लपवत नाही. हाताशी साठ हजार रुपये आहेत. उद्ध्वस्त जग आणि यंत्राचे शरीर, दोन्ही एवढ्यात पटण्याजोगे कसे दाखवावे?

सड्यावरचा: त्या चित्रपटाची जन्मकथा हेच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. कॅनन या चित्रपटनिर्मिती कंपनीने ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’चा पुढचा भाग आणि स्पायडरमॅनवरील चित्रपट यांच्या नेपथ्यावर व पोशाखांवर आधीच पैसा घातला होता, ते दोन्ही बेत बारगळल्यावर उरलेल्या सामानाभोवती प्यून यांनी नवी कथा बेतली. चित्रीकरण नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन या बंदराच्या शहरात झाले, खर्च पाच लाख डॉलरच्या आत राहिला आणि एकट्या अमेरिकेत सुमारे एक कोटी डॉलरची तिकिटे खपली. तेव्हा कथा लिहून मग जागा शोधण्यापेक्षा आधी गावाभोवती फिरून यावे. बंद चिरेखाणीत (जांभा दगडाच्या खाणीत) पायऱ्यापायऱ्यांनी कापलेल्या तांबड्या भिंती आयत्याच मिळतात; तसे नेपथ्य उभारायला गेलात, तर सगळे साठ हजार तिथेच संपतील. मालकाची परवानगी मात्र घ्यावी, आणि साठलेल्या पाण्यात कोणालाही उतरवू नये. एप्रिल-मेमध्येच चित्रीकरण करावे. पावसाळ्यात सडा, म्हणजे इथले खडकाळ पठार, इतका हिरवागार होतो की जगबुडीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

सुकाणू: यंत्राच्या हातासाठी फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जावे. साचा घेऊन मॅट (काचतंतूंचे कापड) आणि रेझिन (सुकून घट्ट होणारा चिकट द्रव) यांचे थर देणे हे त्याचे रोजचेच काम आहे. वजन कमी भरते आणि खाऱ्या हवेत गंजही चढत नाही. साचा अभिनेत्रीच्या हातावर थेट घेऊ नये, कारण रेझिन घट्ट होताना तापते. खाडीतील प्रसंग सलग दिवसांत करणार असाल, तर भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे वेळापत्रकात धरावे. नाहीतर एकाच संवादात होडी कधी चिखलात, तर कधी पाण्यावर दिसेल.

धयकाला: वरील सल्ले योग्य आहेत, पण मूळ चित्रपटाची उणीवही पाहावी. शीर्षक सायबॉर्गचे, तरी बहुतेक वेळ जाँ-क्लोद व्हॅन डॅम यांच्या मानवी नायकाच्या हाणामाऱ्यांनाच मिळतो. पर्ल ही सायबॉर्ग ज्या प्रसंगात डोक्यातील यंत्रणा दाखवते, तसे प्रसंग आणखी हवे होते. (पर्ल, फेंडर, गिब्सन ही नावे वाद्यांच्या कंपन्यांवरून घेतली आहेत, ही गंमत निराळी.) आपला दशावतार पाहा. ठरावीक पोशाख आणि मागे एक पडदा असतो, संवादही लिहिलेले नसतात, तरी राक्षस शिरला की लहान मूल आईला बिलगते, कारण नट आपल्या चालीतून आणि आवाजातून राक्षस उभा करतो. आपल्या नायिकेला फायबरचा हात एकदाच, नेमक्या क्षणी दाखवावा. उरलेला वेळ तिने घाम न पुसता, धाप न लागता सडा चढावा.

खाडीकाठ: सर्वांचे आभार. उन्हात धाप न लागू देणे हे हातापेक्षा अवघड दिसते, म्हणून गावातील एका ज्येष्ठ दशावतारी नटांना तालमीला बोलावले आहे. चिरेखाण रविवारी पाहून येतो.