मदत हवी आहे : ‘उमर खय्याम’ (१९५७) या हॉलिवूडपटातील इतिहास आणि दंतकथा

नमस्कार.

माधव ज्यूलियनांनी मराठीत आणलेल्या, पर्शियन कवी व गणिती उमर खय्यामच्या रुबायांवर (चार ओळींच्या कवितांवर) आमच्या वाचक मंडळात लवकरच माझे भाषण आहे. त्याला जोड म्हणून पॅरामाउंटने १९५७ साली काढलेल्या, विल्यम डीटर्ले दिग्दर्शित ‘उमर खय्याम’ या चित्रपटातील दोन-तीन प्रसंग दाखवावेत असा विचार आहे. कॉर्नेल वाइल्डने रंगवलेला खय्याम गणिती कमी आणि तलवारबहाद्दर अधिक आहे. त्याची प्रेयसी (डेब्रा पॅजेट) शाहाच्या जनानखान्यात जाते, तो स्वतः दरबारात मानाला चढतो आणि पुढे मारेकऱ्यांच्या पंथाशी त्याची गाठ पडते. पर्शियाच्या कथेत पेरूची गायिका इमा सुमाक कशी आली, असे साहसपटाला विचारायचे नसते, हे मला मान्य आहे.

अडचण कालक्रमाची आहे. चित्रपटात वृद्ध शाहा (रेमंड मॅसी) हयात असून त्याचा मुलगा मलिक (जॉन डेरेक) अजून युवराज आहे, आणि त्याच वेळी हसनचा (मायकेल रेनी) हा मारेकऱ्यांचा पंथ राज्याला धोका ठरलेला दिसतो. प्रत्यक्षात सेल्जुक सुलतान मलिकशाहचा पिता अल्प अर्सलान १०७२ मध्ये मारला गेला. या पंथाचा संस्थापक हसन-ए-सब्बाह याने इराणमधील अलमूतचा किल्ला घेतला तो १०९० मध्ये, म्हणजे मलिकशाहच्या कारकिर्दीच्या अगदी अखेरीस. वजीर निझाम-उल-मुल्कची हत्या १०९२ मधली असून त्यानंतर काही आठवड्यांतच मलिकशाहही वारला. खय्याम, निझाम आणि हसन या तिघांना एका कथानकात गुंफण्यामागे फिट्झजेराल्डने आपल्या १८५९ च्या इंग्रजी अनुवादाच्या प्रस्तावनेत दिलेली तीन सहाध्यायांची दंतकथा असावी, असा माझा तर्क आहे. निझामचा जन्म १०१८ चा आणि खय्यामचा १०४८ चा, तेव्हा दोघे एका गुरूपाशी बरोबर शिकले हे संभवत नाही; तरी ही गोष्ट इतकी देखणी आहे की ती टिकून राहिली यात नवल नाही. पटकथाकार बॅरी लिंडन यांनी ती त्या प्रस्तावनेतूनच उचलली, असे दाखवणारी एखादी मुलाखत किंवा त्या काळातील परीक्षण कुणाच्या वाचनात आले आहे का?

दुसरी विनंती अधिक महत्त्वाची आहे. मंडळ मुंबईतले असल्याने श्रोत्यांत खोजा इस्माइली कुटुंबांतील, म्हणजे हसनच्याच निझारी इस्माइली (शिया मुस्लिम) परंपरेतील मंडळीही असतात. नशा पाजून मारेकरी तयार करणारा कपटी म्हातारा ही हसनची प्रतिमा मुख्यतः विरोधकांच्या लेखनातून आणि मार्को पोलोच्या वृत्तांतातून पसरली, आणि मार्को पोलो तर १२५६ मध्ये मोंगलांनी अलमूत घेतल्यानंतरचा प्रवासी. निझारी इस्माइलींच्या दृष्टीने हसन हा विद्वान संघटक आणि धर्मप्रचारक आहे, आणि त्याच परंपरेचे इमाम असलेल्या पहिल्या आगा खानांनी इराण सोडल्यावर अखेर मुंबईत वास्तव्य केले. चित्रपटातील खलनायक दाखवून गप्प बसणे मला प्रशस्त वाटत नाही. हसनविषयी निझारी बाजू समतोलपणे मांडणारे, शक्यतो मराठीतले आणि नसल्यास सोप्या इंग्रजीतले काही वाचन सुचवावे. ज्यांना फारसी येते त्यांनी तेराव्या शतकातील इराणी इतिहासकार जुवैनीच्या इतिहासातील अलमूतचा भाग कितपत पक्षपाती आहे, हेही सांगितल्यास उपकार होतील. जुवैनी अलमूत घेणाऱ्या मोंगल हुलागूच्या पदरी होता, एवढे लक्षात घेऊनच तो वाचावा लागेल हे उघड आहे.

शेवटी एक व्यावहारिक बाब. हा चित्रपट व्हिस्टाव्हिजन या रुंद पडद्याच्या पद्धतीत चित्रित झाला होता, पण मला मिळालेल्या प्रतीत रंग विटलेले आहेत आणि चौकटीच्या कडा कापल्या गेल्या आहेत. मूळ रुंदीची, अधिकृत आणि इंग्रजी उपशीर्षके असलेली प्रत कुठे विकत मिळेल, आणि तिकीट न लावता तीस-चाळीस जणांना त्यातील काही मिनिटे दाखवण्यासाठी भारतात कुणाची परवानगी घ्यावी लागते, हे अनुभवी सभासदांनी कृपया कळवावे.