आंब्याच्या ऑर्डरचा फॉर्म लोक अर्ध्यावर सोडतात. काय चुकतंय?

कातळवाट (देवगड)

नमस्कार मंडळी. जामसंड्याच्या वरच्या अंगाला आमची हापूसची साडेतीनशे कलमं आहेत. वडिलांच्या वेळेस सगळा माल वाशीला जायचा. अडत्याकडून हिशेबाची पट्टी येईल तेव्हा कळायचं काय भाव मिळाला. मी गावी परत आल्यापासून थेट गिऱ्हाइकाला पेटी पाठवतो. आधी नुसतं व्हॉट्सॲप होतं. गेल्या हंगामाआधी एकाकडून वेबसाइट करून घेतली, पैसेही बऱ्यापैकी मोजले.

अडचण अशी की पान बघणारे पुष्कळ, फॉर्म उघडणारेही पुष्कळ, पण पाठवणारे अगदी थोडे. उरलेले व्हॉट्सॲपवर येऊन म्हणतात, "दादा, तुम्हीच भरा ना तेवढं." मग मी रात्री अकरा वाजता पत्ते लिहीत बसतो. एप्रिलमध्ये दिवसभर तोडणी, संध्याकाळी भराई आणि त्यावर हे.

फॉर्ममध्ये आत्ता इतकं आहे: नाव, मधलं नाव, आडनाव, ईमेल, पुन्हा ईमेल, मोबाईल, दुसरा मोबाईल, जन्मतारीख, घर क्रमांक, रस्ता, खूण, शहर, जिल्हा, राज्य, पिन, ग्रेड (ए१, ए२, ए३), किती डझन, डिलिव्हरीची तारीख, आमच्याबद्दल कुठून कळलं, आणि शेवटी पासवर्ड ठेवून खातं उघडा. पैशांसाठी त्याच पानावर क्यूआर कोड आहे.

आंब्यात खोट नाही, एवढं छातीवर हात ठेवून सांगतो. एकदा घेतलेला माणूस पुढच्या वर्षी परत येतो. मग फॉर्मवरच का अडतात? लिंक प्रोफाइलमध्ये आहे. स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

मीनल_मिरज

दादा, छोट्या दुकानदारांची, क्लासवाल्यांची, डॉक्टरांची पानं करून देणं हाच माझा बारा वर्षांचा धंदा. कुणी पान तपासायला दिलं की मी आधी स्वतः बघत नाही, दुसऱ्याच्या हातात देते. तुझं पान काल रात्री सासूबाईंना दिलं. वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, फोनवर मराठी कीबोर्ड, रोज नातवाशी गप्पा मारतात. फोन वापरायला कच्च्या नाहीत. त्यांना म्हटलं, दोन डझन मागवा.

नाव मराठीत लिहिलं. लाल पट्टी आली, "अवैध नाव". मी गप्प बसले. त्यांनी आडनाव आधी टाकून पाहिलं, मग मधलं नाव काढून पाहिलं, शेवटी मला विचारून इंग्रजीत लिहिलं. पुढे मोबाईल. मराठी कीबोर्डावर आकडेही मराठीच उमटले. पुन्हा लाल पट्टी, "अवैध क्रमांक". आता बघ काय झालं. त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचला. पुन्हा वाचला. मग उठल्या, कपाटातली डायरी काढली आणि स्वतःचा नंबर पडताळून पाहिला. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई, आणि तुझ्या फॉर्मने तिला स्वतःच्या नंबराबद्दल शंका घ्यायला लावली. डायरी मिटून त्या म्हणाल्या, "जाऊ दे, बाजारातून आणू."

मला याचं फार वाईट वाटतं म्हणून सविस्तर लिहिते.

नावाची तपासणी ज्याने लिहिली त्याने फक्त ए ते झेड चालतील असं ठेवलंय. बरेच जण पुढे जाऊन युनिकोडमधली, म्हणजे सगळ्या लिपींसाठी संगणकात असलेल्या यादीतली, सगळी "अक्षरं" चालू करतात आणि काम झालं समजतात. पण आपले काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, "चिन्हं" या वेगळ्या गटात आहेत. त्यामुळे "कमल" पास होते आणि "सुनीता" नापास. दोन्ही गट चालू करायचे. माझं विचारशील तर नावाला तपासणीच नको, रिकामं नाही एवढं बघ. लांबीची मर्यादाही सैल ठेव. "ज्ञानेश्वर" आपल्याला चार-पाच अक्षरं वाटतात, संगणक दहा मोजतो.

आणि नावाचा रकाना एकच ठेव, "पूर्ण नाव". आपल्याकडे कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी शेवटी, कुणी लावतच नाही. मधे वडिलांचं की नवऱ्याचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदावर आईचं नावही येतं. तुझ्या तीन खोक्यांत हे सगळं बसणार नाही, आणि पेटीवर चिकटवायला तुला एक ओळच लागते ना?

मराठी आकडे आले तर आतल्या आत इंग्रजी करून घ्यायचे, चार ओळींचं काम आहे. मोकळी जागा, सुरुवातीचं शून्य, अधिक एक्क्याण्णव हेही तिथेच काढून टाकायचं. माणसाने आपल्याला जमेल तसं लिहावं, सारखं करणं यंत्राचं काम. मोबाईल आणि पिन यांना "नंबर" प्रकार देऊ नकोस, तो मोजमापासाठी आहे. मोबाईलला "टेल" दे, पिनला साधा मजकूर ठेवून इनपुटमोड "न्यूमरिक" कर, म्हणजे आकड्यांची पाटी वर येते. ऑटोकम्प्लीटही नीट लावून घे, फोनमध्ये साठवलेला पत्ता एका बोटात भरतो.

चूक दाखवायची ती त्याच रकान्याखाली, आणि काय करायचं ते सांगून: "मोबाईल नंबर दहा आकडी हवा, इथे नऊ दिसतात." तुझ्या फॉर्मची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे एक चूक झाली की पान नव्याने उघडतं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. बाकी काही नाही केलंस तरी हे आज कर.

जन्मतारीख कशाला? पुन्हा ईमेल कशाला? पासवर्ड तर मुळीच नको. वर्षातून एकदा आंबा घेणाऱ्याच्या पासवर्ड लक्षात राहणार नाही. पुढच्या वर्षी मोबाईल नंबरवरून तू त्याला ओळखशीलच.

क्यूआरचं बघ. तुझे गिऱ्हाईक फोनवरूनच येतात. ज्या फोनवर कोड दिसतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा? फोनवर उघडलं असेल तर "यूपीआयने पैसे भरा" असं बटण दे, त्याने ॲप रक्कम भरूनच उघडतं. क्यूआर संगणकावरून बघणाऱ्यांसाठी राहू दे. एक लक्षात ठेव, साध्या यूपीआय लिंकने पैसे आले की नाही हे पानाला आपोआप कळत नाही, ते तुलाच खात्यावर बघावं लागेल. ते नको असेल तर पेमेंट गेटवे, म्हणजे पैसे घेऊन पानाला तसं कळवणारी सेवा, घे, तो थोडं कमिशन कापतो.

दिसण्याबद्दल थोडं. आंब्याचा रंग म्हणून पिवळं बटण आणि त्यावर पांढरी अक्षरं, उन्हात काहीही वाचता येत नाही. पिवळा ठेव, अक्षरं गडद तपकिरी कर. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान साडेचारास एक इतका फरक हवा असा मान्य नियम आहे, तो तपासून देणारी साधनं फुकट मिळतात. मथळ्यात अक्षरांमध्ये अंतर वाढवलंय, इंग्रजीत ते बरं दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते. रकान्यांची उंची कमी आहे, "कुडाळ" लिहिलं तर उकार कापला जातो. आणि आतलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान आहे, त्यामुळे आयफोनवर रकान्याला बोट लावलं की पान एकदम मोठं होऊन सरकतं.

शेवटचं, आणि हे जरा कडक सांगते. "फक्त ३ पेट्या शिल्लक" ही पट्टी मी सकाळी पाहिली तेव्हाही तीनच होत्या आणि रात्रीही तीनच. ती खोटी असेल तर काढ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली आहे, खोटी घाई त्यात आहे. लाकडी पेटीचे ज्यादा पैसे आधीच टिक करून ठेवलेत, तेही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत बसत नाही. खूण गिऱ्हाइकाने स्वतः केली पाहिजे. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या माणसाचा आंबा खरा आहे त्याने पानावर खोटं का बोलावं?

टपालकाका

मी टपालखात्यातून निवृत्त झालो. पत्त्यापुरतं सांगतो.

पिन कोड शेवटी विचारता, तो पत्त्याच्या सुरुवातीला विचारा. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे मोठे पंडित. सहा आकड्यांत केवढं बसवलंय पाहा. पहिला आकडा विभागाचा. चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट. त्या सहा आकड्यांवरून जिल्हा आणि राज्य आपसूक भरता येतं, गिऱ्हाइकाला छत्तीस राज्यं-प्रदेशांची यादी खाली-वर करायला लावू नका. गाव मात्र लिहायला मोकळं ठेवा. एका पिनखाली अनेक गावं-वाड्या असतात आणि यंत्राने भलतंच गाव भरलं तर पेटी भलतीकडेच फिरते.

घर क्रमांक, रस्ता, खूण असे तुकडे करू नका. खेड्यात रस्त्याला नाव नसतं. माणूस लिहितो, "विठ्ठल मंदिराच्या मागे, पाटलांच्या चाळीसमोर, वरचा मजला." हाच खरा पत्ता, पोस्टमनही असाच शोधतो. चार ओळींचा एक मोठा रकाना द्या.

दुसरा मोबाईल का विचारता ते लिहिलेलं नाही. त्याऐवजी विचारा, "घरी कुणी नसेल तर पेटी कुणाकडे द्यावी?" नाशवंत मालाला हा प्रश्न फार मोलाचा. शेजाऱ्याचं नाव आणि नंबर असला तर पेटी परत फिरत नाही.

स्वरा_ठाणे

मला दिसत नाही. फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, वापरते. तुमचं पान उघडून पाहिलं.

रकान्यांची नावं रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत आहेत आणि लिहायला लागलं की जातात, असं भावाने सांगितलं. मला तर कुठल्याच रकान्याचं नाव ऐकू आलं नाही. नुसतं "एडिट बॉक्स, एडिट बॉक्स". प्रत्येक रकान्याच्या वर नाव लिहा आणि ते त्या रकान्याला कोडमध्ये जोडा. डझन वाढवायच्या अधिक-उणे बटणांवर मला फक्त "बटण, बटण" ऐकू येतं, किती डझन झाले ते कळत नाही.

चुकलेला रकाना लाल चौकटीने दाखवता. ते मला समजणार नाही, शब्दांत लिहा.

पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी अशी नोंदवली आहे. ती मराठी करा, म्हणजे वाचणारा आवाज मराठी निवडला जाईल. दुसऱ्यांनाही फायदा आहे. काही फॉन्ट भाषा मराठी कळली तर ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात.

आणि आंब्याच्या फोटोंना वर्णन लिहा. रंग मला नकोय. किती मोठा, किती ग्रॅमचा, ते लिहा.

कातळवाट

स्वराताई, काका, मीनलताई, मनापासून आभार. ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या डायरीचं वाचून रात्री झोप लागली नाही.

चार दिवस बसून फॉर्म बदलला, भाऊ थोडं कोडिंग जाणतो. ती पट्टी आणि पेटीवरची टिक त्याच रात्री काढली. मला खरंच माहीत नव्हतं ती पट्टी कायम तीनच दाखवते, पण पान माझ्या नावाचं आहे तेव्हा जबाबदारी माझीच. आता आहे ते इतकंच: पूर्ण नाव, मोबाईल, पिन, पत्ता, घरी नसल्यास कुणाकडे, कुठला आंबा, किती डझन, आणि कधी हवा.

ए१, ए२ काढलं. ती आमची भराईची भाषा, गिऱ्हाइकाला काय कळणार. आता "लहान, २०० ग्रॅमच्या आसपास", "मध्यम, २५०", "मोठा, ३००" असं लिहिलं आणि प्रत्येकाचा फोटो तळहातावर ठेवून काढला. शेजारी "अढी लावून तयार" की "कच्चा, घरी पिकवू" असा पर्याय (अढी म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेले आंबे). पूर्वी हे फोनवर पन्नास वेळा सांगायला लागायचं.

साक्याबद्दलही लिहिलं. हापूस वरून सोन्यासारखा असला तरी आत गराचा पांढरट, आंबट भाग, म्हणजे साका, निघू शकतो. बाहेरून तो बागायतदारालाही कळत नाही. वडील नको म्हणत होते, आपणच आपली खोट का सांगायची. मी लिहिलं, "साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत." बटणाच्या अगदी वर ठेवलं.

मग ताईंनी केलं तसं केलं. शनिवारी डोंबिवलीला मावशीकडे गेलो, फोन तिच्या हातात दिला आणि शेजारी गप्प बसलो. सगळं भरलं, मराठी आकड्यांत नंबर लिहिला, घेतला. तारखेपाशी थांबली. कॅलेंडर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. विचारलं तर म्हणाली, "अरे, मला तारीख कुठे ठाऊक? अक्षय्य तृतीयेला नैवेद्याला ताटात आंबा हवा एवढंच."

तेव्हा माझ्याही ध्यानात आलं की तारीख मलाही ठाऊक नसते. फळ तयार झाल्याशिवाय मी उतरवत नाही. अवकाळी आला तर तोडणी दोन दिवस थांबते. गिऱ्हाइकाकडून पक्की तारीख घेऊन मी न पाळता येणारा शब्द देत होतो आणि मग माफी मागत फिरत होतो.

कॅलेंडर काढलं. आता "एप्रिलचा पहिला पंधरवडा", "दुसरा पंधरवडा", "मेचा पहिला पंधरवडा" असे पर्याय आहेत, आणि खाली लिहिलंय की पेटी निघाली की त्याच दिवशी मेसेज येईल. त्या सगळ्यांच्या वर एक ओळ घातली: "अक्षय्य तृतीयेच्या आधी".

मीनल_मिरज

मेसेज मराठीत पाठवणार असशील तर एक ध्यानात ठेव. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीत १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०, आणि काना-मात्राही त्यात मोजतात. "पेटी आज निघाली" आणि कुरिअरचा नंबर, एवढंच लिही.

सासूबाईंनी काल पुन्हा उघडलं पान. दोन डझन, मध्यम, कच्चा. अढी त्या स्वतः लावणार आहेत.