मदत हवी आहे: पीएफसीचं ईएमआय मॉडेल 2 मेगाहर्ट्झपर्यंत जुळतं, 9 ला 16 डीबीने हुकतं

मंडळी, तीन आठवडे ईएमआयच्या (मेन्सच्या तारांत परत जाणाऱ्या विद्युत गोंगाटाच्या) आलेखातल्या एकाच उंचवट्यापाशी अडकून बसलोय. कोणी यातून गेलं असेल तर वाट दाखवा.

600 वॅटचा बूस्ट पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारा कन्व्हर्टर) आहे, आउटपुट 400 व्होल्ट, स्विचिंग 65 किलोहर्ट्झ (म्हणजे दुसरा हार्मोनिक 130 वर, गोंगाटाची मर्यादा सुरू होते त्या 150 च्या अलीकडेच). लिसन (मेन्सच्या तारांवरचा गोंगाट मोजायचं जाळं), फिल्टर, मॉसफेट, डायोड सगळं स्पाइस या सर्किट-सिम्युलेटरमध्ये मांडलंय. मॉसफेटचा ड्रेन आणि हीटसिंकमधला कपॅसिटन्स आधी कागदावर काढला: मधला इन्सुलेटिंग पॅड दीड चौरस सेंटिमीटर, जाडी 0.2 मिलिमीटर, डायइलेक्ट्रिक स्थिरांक 4, उत्तर साधारण 27 पिकोफॅरॅड. एलसीआर मीटर 31 म्हणाला. ड्रेन 20 नॅनोसेकंदांत 400 व्होल्ट चढतो, म्हणजे दर एजला 0.6 अँपिअर हीटसिंकमार्गे अर्थकडे पळतो. कॉमन मोड चोक (दोन्ही तारांतून एकाच दिशेने वाहणारा गोंगाट अडवणारी कॉइल) 5 मिलिहेन्रीचा, पण 700 किलोहर्ट्झला रेझोनन्स दाखवतो, म्हणून मॉडेलमध्ये त्याला समांतर 10 पिकोफॅरॅड लावलाय.

एवढ्यावर 2 मेगाहर्ट्झपर्यंत मॉडेल आणि मोजणी 3 डीबीच्या आत बसले. मी खूश. पण 9 मेगाहर्ट्झच्या आसपास मोजणी सिम्युलेशनच्या 16 डीबी वर जाते आणि क्लास बीची (घरगुती उपकरणांसाठीची) 60 डीबी-मायक्रोव्होल्टची क्वासी-पीक (पीक किती वेळा येतो त्यानुसार तोललेलं वाचन) मर्यादाही ओलांडते.

टाइमस्टेप 1 नॅनोसेकंद आहे, तो दोषी नाही. डिटेक्टरवरही ढकलता येत नाही, कारण क्वासी-पीकचं वाचन पीकच्या वर जात नाही, आणि माझं सिम्युलेशन पीकचं आहे. मग हीटसिंकचा कपॅसिटन्स वाढवत नेला. 150 पिकोफॅरॅडला 9 चा उंचवटा जुळला, पण खालची सगळी बाजू बिघडली. शिवाय मीटर 31 म्हणत असताना 150 लिहायचे, ही मॉडेलिंग नव्हे, लबाडी. काय सुटतंय?

उत्तर:
ते 9 मेगाहर्ट्झ कॉमन मोडच आहे हे कशावरून ठरवलंत? दोन्ही लिसनचे सिग्नल एकदम स्कोपवर घ्या. बेरजेतून कॉमन मोड कळेल, वजाबाकीतून डिफरन्शियल (एका तारेतून जाऊन दुसरीतून परतणारा).

आणि बूस्ट इंडक्टर फिल्टर चोकपासून किती लांब आहे? तुमच्या मॉडेलमध्ये प्रत्येक भाग आपापल्या जागी बरोबर असेल, पण भागांच्या *मधलं* काहीच दिसत नाही. इंडक्टर 300 मायक्रोहेन्रीचा आणि चोकचा लीकेज इंडक्टन्स 50 मायक्रोहेन्री धरा. कपलिंग फक्त 0.001 असलं तरी दोघांमधला म्युच्युअल इंडक्टन्स 0.12 मायक्रोहेन्री होतो. इंडक्टरवर 400 व्होल्टचा स्विंग, म्हणजे चोकमध्ये 0.16 व्होल्ट, म्हणजेच 104 डीबी-मायक्रोव्होल्ट, आणि तेही फिल्टरला वळसा घालून! हार्मोनिक वर जाईल तसा आकडा घटतो, तरी 9 मेगाहर्ट्झला पन्नाशीच्या वरच राहतो. आधी चोक 90 अंशांत फिरवून बघा. एक पैसा लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
बेरीज-वजाबाकी केली. 9 मेगाहर्ट्झचं जवळपास सगळं वजाबाकीत आहे! तीन आठवडे मी चुकीच्या कपॅसिटरशी भांडत होतो. चोक आणि इंडक्टरमध्ये जेमतेम 12 मिलिमीटर अंतर आहे. चोक पायांवरून सोडवून आडवा लावला, तारा लोंबकळतायत, पण उंचवटा 9 डीबी खाली आला.

हे कपलिंग मोजायचं कसं? अंदाजाने भरायचं नाहीये, लबाडी एकदा करून झाली.

उत्तर:
बोर्डची पॉवर बंद. इंडक्टर दोन्ही टोकांनी मोकळा करा आणि सिग्नल जनरेटरने त्याला साइन द्या. चोकच्या दोन्ही वाइंडिंग्जची लोडकडची टोकं जोडा आणि लाइनकडच्या दोन टोकांमधला व्होल्टेज वाचा. त्याचं इंडक्टरच्या व्होल्टेजशी गुणोत्तर म्हणजे म्युच्युअल भागिले 300 मायक्रोहेन्री. 0.001 च्या कपलिंगला 5 व्होल्ट देऊन 2 मिलिव्होल्टच मिळतील, म्हणून नेटवर्क अ‍ॅनालायझर असेल तर तोच घ्या. 100 किलोहर्ट्झला मोजा, चोकच्या रेझोनन्सजवळ गेलात तर आकडा फसवेल. आणि उरलेल्या 7 डीबीसाठी एक्स कपॅसिटरच्या (लाइन आणि न्यूट्रलमधल्या) पायांचा लूप बघा, त्यातही हेच फील्ड घुसतं.