स्टेशनरीत ‘ई’ की ‘ए’?

‘स्टेशनरी’ची दोन स्पेलिंगं (stationery आणि stationary) मुलीला पाठ करूनही आठवत नाहीत, काय करावं, असं एका पालकांनी विचारलं आहे. पाठांतर सोडा, तिला शब्दाचं मूळ सांगा.

मध्ययुगीन युरोपात फेरीवाले माल घेऊन गावोगाव हिंडायचे. विद्यापीठांजवळच्या पुस्तकविक्रेत्यांची दुकानं मात्र एका जागी असत, म्हणून लॅटिनमध्ये ते ‘स्टॅशनेरियस’, म्हणजे ठाण मांडून बसलेले. त्यावरून इंग्रजीत ‘स्टेशनर’ आला, शेवटी ‘ईआर’. त्याच्याकडचा माल ती ‘ई’वाली स्टेशनरी. ‘ए’वाला शब्द म्हणजे जागेवर स्थिर असलेलं, उभ्या गाडीसारखं. दोन्ही सख्खी भावंडंच! आमच्या इंदूरला खजुरी बाजारात वह्या-पुस्तकं घेताना भाचीला ही गोष्ट सांगितली, त्यानंतर ती कधी चुकली नाही. आणि लेकीला रागावू नका हो, दिन आणि दीन लिहिताना आपलीही मोठी माणसं अडखळतात.

‘अ‍ॅडव्हाइस’मध्ये ‘सी’ की ‘एस’, हा असाच दुसरा गोंधळ; तिथे कान पुरतो. नाम असेल तर शेवटी ‘स’ ऐकू येतो, स्पेलिंगमध्ये ‘सी’. क्रियापदात ‘झ’ ऐकू येतो, तिथे ‘एस’. ‘प्रॅक्टिस’चा उच्चार दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे तिथे हीच जोडी आठवायची: ब्रिटिश पद्धतीत नामाला ‘सी’, क्रियापदाला ‘एस’. अमेरिकेत सहसा दोन्हीकडे ‘सी’च लिहितात. तेव्हा बरोबर लिहिलेलं क्रियापद मोबाइल चूक दाखवत असेल, तर आधी त्यात अमेरिकन इंग्रजी निवडलेली नाही ना, ते बघा.