मदत हवी आहे: 'सॅड'चा 'गंभीर' हा अर्थ कधी मागे पडला?

आमच्या वाचनगटासाठी 'सॅड' या इंग्रजी शब्दावर टिपण लिहितेय आणि एका जागी अडलेय. जुन्या इंग्रजीत हा शब्द तृप्त, पोट भरलेला अशा अर्थाचा होता. जर्मन 'झाट' आणि लॅटिन 'सातिस' त्याचेच भाऊबंद. भरलेला म्हणून जड, त्यावरून स्थिर, गंभीर. १३०० च्या सुमारास 'दुःखी' हा अर्थही दिसू लागतो. भरीव लोखंडी इस्त्रीला 'सॅड आयर्न' म्हणत, ते जडपणामुळेच.

अडचण पुढे आहे. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरची सोशिक नायिका ग्रिसेल्डा 'सॅड' आहे ती अढळ या अर्थाने. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या पहिल्याच प्रवेशात रोमिओचा मित्र बेन्व्होलिओ त्याला म्हणतो, 'टेल मी इन सॅडनेस', म्हणजे खरं काय ते सांग. त्यावर रोमिओ विचारतो, कण्हत सांगू का? फार सुंदर जागा आहे ही. तेव्हा दोन्ही अर्थ प्रेक्षकांच्या ओळखीचे असणार, त्याशिवाय ही कोटी चालली नसती.

ऑनलाइन व्युत्पत्तिकोश पाहिला. त्यात अर्थ कधी सुरू झाला ते मिळतं, कधी संपला ते नाही. मोठ्या ऑक्सफर्ड कोशाचं सभासदत्व माझ्याकडे नाही. 'सॉरो' आणि 'सॉरी' यांची चर्चा इथे नको, त्यांची मुळं वेगळी आहेत.

बोली सोडून प्रमाण इंग्रजीतून 'गंभीर' हा अर्थ साधारण कधी गेला, आणि त्याची उदाहरणं कालक्रमाने विनामूल्य कुठे पाहता येतील?